हजेरीपटात दिसणारं वर्ष : विदर्भातल्या खेड्यांतल्या हायस्कूलवाल्यांसाठी धागा

खडूफळा
२ जुलै २०२४

मंडळी, काल आमची शाळा उघडली. बाकी महाराष्ट्रात १५ जूनलाच घंटा वाजते. आपल्याकडे ऊन उतरेपर्यंत जून सरतो, म्हणून विदर्भाला वेगळी तारीख. मी यवतमाळ जिल्ह्यात राळेगावकडच्या एका खेड्यात हायस्कूलवर गणित शिकवतो. पाचवी ते दहावी. एकोणीस वर्षं झाली.

सुटीत कपाट आवरताना माझ्याच वर्गांचे जुने हजेरीपट हाती लागले. सहज चाळायला बसलो आणि दुपार गेली. गैरहजेरीच्या लाल खुणा एखाद्या पंधरवड्यात गोवर उठावा तशा उठतात, मावळतात, पुन्हा उठतात, आणि दरवर्षी जवळपास त्याच तारखांना. जुलै-ऑगस्टात निंदण लागलं की मुली. पोळ्याच्या आधी दोन दिवस मुलं. दसऱ्यापासून सोयाबीनची सोंगणी, तेव्हा दोघंही. दिवाळीनंतर कापूस, तो थेट संक्रांतीपर्यंत.

एक पान मात्र वेगळं निघालं. डिसेंबर २०१७. जवळजवळ सगळी हजेरी भरलेली. मला आठवतं, त्या महिन्यात मी वर्गात म्हणालो होतो, "यंदा तुम्ही शहाण्यासारखे शाळेत येताय." ते बोंडअळीचं साल होतं. गुलाबी अळीने बोंडं आतून खाल्ली होती, वेचायला काही नव्हतंच, म्हणून पोरं वर्गात होती. त्यांच्या घरात तेव्हा काय चाललं असेल ते माझ्या ध्यानातही आलं नाही. परवा ते पान बघून फार वाईट वाटलं.

म्हणून हा धागा. शिक्षक असाल, पालक असाल, अशा शाळेतून शिकून बाहेर पडला असाल, तर वर्षभर इथे लिहा. तुमच्याकडे कोणत्या महिन्यात वर्ग रिकामा होतो, का होतो, आणि त्यावर कोणी काही केलं का. मीही लिहीत राहीन.

---

वैनगंगाकाठ
३ जुलै २०२४

सर, मी पवनीकडची, भंडारा जिल्हा. आमच्याकडे कापूस नाही, धान. त्यामुळे आमचा हजेरीपट जुलैच्या मध्यातच लाल होतो, रोवण्याला.

ज्यांनी रोवणा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. पऱ्हे (धानाची रोपं) उपटायचे, जुड्या बांधायच्या, चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, दिवसभर वाकून लावत मागे सरकायचं. पाऊस असला तर डोक्यावर प्लास्टिकची खोळ. तीन-चार दिवसांत पायाच्या बोटांमध्ये चिखल्या होतात आणि चपलेत पाय घालवत नाही. मी नववीत असताना आईच्या हुंड्यात पंधरा दिवस गेले होते. हुंडा म्हणजे बायकांची टोळी मिळून एकराच्या हिशोबाने काम घेते. पैशाची वाटणी झाली तेव्हा मला आईबरोबरीचा वाटा मिळाला. त्यातून वह्या आणि छत्री घेतली. शाळा बुडल्याचं दुःख तेव्हा झालं नाही, खरं सांगते. ते झालं सहामाहीच्या पेपरला, रासायनिक समीकरणं समोर आली तेव्हा. तो पूर्ण धडा मी बांधीत होते.

आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही. शाळेतली खिचडी आठवीपर्यंतच असते. त्याच आवारात, त्याच घंटेला, नववी-दहावीचे पोरं डबा काढतात. ज्याच्याकडे डबा नाही तो नळावर जाऊन उभा राहतो. आई पहाटे रोवण्याला गेली तर डबा कोण करणार? आमच्या खिचडीवाल्या काकू शेवटी पातेलं खरवडून आम्हाला हाक मारायच्या. ते खरवडलेलं पिवळं भाताचं ढेकूळ अजून आठवतं.

---

निळी_बस
५ जुलै २०२४

मी आत्ता वर्ध्याला बारावीला आहे. आमच्या गावात सातवीपर्यंत शाळा, पुढे नऊ किलोमीटर. माझ्या मोठ्या बहिणीचं शिक्षण सातवीला थांबलं, माझं नाही थांबलं, त्याचं कारण सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची निळी बस. सकाळी शाळेच्या वेळेला येते, संध्याकाळी शाळा सुटल्यावर नेते, आणि आम्हा मुलींना पासचे पैसे नाही. ज्या तालुक्यांत मानव विकास कार्यक्रम आहे तिथे आठवीपासून मुलींना सायकलीसाठीही मदत मिळते. आपल्या मुख्याध्यापकांना विचारा, पुष्कळ पालकांना हे माहीतच नसतं.

बसबद्दल एकच सांगते. झड, म्हणजे सततचा पाऊस, लागली आणि नाल्यावर पाणी चढलं की ती येऊ शकत नाही. मग पुलाच्या अलीकडे आम्ही वीस-पंचवीस मुली दप्तरं पोटाशी धरून उभ्या. पाण्याकडे बघत अंदाज घ्यायचा, उतरतं का. कधी दोन तास, कधी दोन दिवस. जुलैतल्या माझ्या गैरहजेऱ्या सगळ्या त्या नाल्याच्या आहेत, शेतीच्या नाहीत. सर, तेही तुमच्या लाल खुणांत मिसळलं असेल.

---

खडूफळा
२४ जुलै २०२४

निळी_बस, बरोबर बोललात, पोरी. चार दिवस झड आहे. आज दहावीत एकतीसपैकी अकरा. वर्गात छत गळतं तिथे बादली ठेवली आहे, तिच्या टपटपीत त्रिकोणमिती शिकवली. आलेल्या अकरांना घरी सोडायचीच चिंता जास्त होती.

---

कास्तकार_दिग्रस
१ सप्टेंबर २०२४

नमस्कार. शिक्षक नाही, बाप आहे. पोरगा दहावीत. उद्या पोळा, आज खांदेमळण. सकाळपासून तो नाल्यावर बैल धुऊ रायला. आज रविवार, पण शाळा असती तरी पाठवला नसता.

सर, तुमचं सगळं वाचलं. राग नाही आला, पण एक सांगाचं होतं. कापसात, सोयाबीनमध्ये आम्ही लेकरं नेतो ते मजुरी परवडत नाही म्हणून. यंदा कापसाचा हमीभाव क्विंटलले ७,१२१ रुपये, लांब धाग्याचा ७,५२१. सोयाबीनचा ४,८९२, आणि बाजारात तेवढा भेटल का नाही याचा भरवसा नाही. त्यात बी, खत, फवारा, वेचाई काढली की हाती काय रायते ते मांडून पहा. ती गैरहजेरी आम्हाले टोचते. पण पोळ्याची टोचत नाही. वर्षभर ज्याच्या खांद्यावर जू ठेवलं त्याच्या खांद्याले आज लोणी-हळद लावाची, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणाचं. हे पोरानं हातानं केलं पाहिजे. हा दिवस लाल शाईत मोजू नका.

---

खडूफळा
३ सप्टेंबर २०२४

दादा, मान्य. आज तान्हा पोळा होता. पाचवीतली पोरं लाकडी बैल सजवून शाळेपुढून गेली, मीही खाऊचे पैसे दिले. पोळ्याच्या दोन दिवसांना यंदा मी गणितात नवीन धडा सुरू केला नाही. पुढच्या वर्षीचं नियोजन करतानाच ते दोन दिवस उजळणीला ठेवीन.

---

खडूफळा
१९ नोव्हेंबर २०२४

आज सल्ला मागायला आलोय, मन लावून वाचा.

सोयाबीन सरलं, दिवाळी झाली, शाळा पुन्हा सुरू झाली. उद्या मतदान, त्यासाठी आज वर्ग रिकामे केले आहेत. दहावीची एक मुलगी दिवाळीपासून एकही दिवस आली नाही. गाव शाळेपासून चार किलोमीटर. वडील नाहीत. दीड एकर स्वतःचं, बाकी आई दुसऱ्यांकडे वेचायला जाते, आणि आता हीही. मुलगी गणितात तल्लख आहे असं म्हणणार नाही, पण चिकाटीची आहे; उत्तर चुकलं की खोडत नाही, खाली पुन्हा सोडवते. तिची वही बघितली की चूक कुठून सुरू झाली ते दिसतं.

बोर्डाला ७५ टक्के हजेरी लागते. २१ फेब्रुवारीला पहिला पेपर आहे. मी घरी निरोप पाठवला, उत्तर आलं, "कापूस झाला का येते." कापूस होईस्तोवर जानेवारी उजाडेल. बीजगणिताचे दोन धडे, भूमितीचे दोन, सगळं तिच्यावाचून होऊन जाईल. रागावून उपयोग नाही, हे मला आता कळतं. काय करू?

---

वैनगंगाकाठ
१९ नोव्हेंबर २०२४

सर, निरोप पाठवू नका, स्वतः जा. शाळेतून आलेला निरोप म्हणजे घरात धास्ती. आणि रविवारी शेतात जा, घरी नको. घरी गेलात तर चहापाण्याच्या धावपळीत माय काही बोलणार नाही.

---

कास्तकार_दिग्रस
२० नोव्हेंबर २०२४

मतदान करून आलो आणि तुमचंच डोक्यात होतं. एक गोष्ट सांगतो, ती शिक्षकांच्या ध्यानात येत नाही.

सकाळी कापूस कोणी वेचत नाही. दव असते. ओला कापूस घरात पिवळा पडते, व्यापारी भाव पाडते. दव उतरल्यावरच कापूस टाकाले कमरेले ओटी बांधतात, म्हणजे साडेनऊ-दहा. आता त्या आधीचा वेळ पोरीचा कशात जाते? पाणी भरणं, भाकरी, भांडे. ते काम मायनं अंगावर घेतलं तर साडेसहा ते साडेआठ तुमचे. पोरगी कामावरून काढा म्हणू नका, नाही म्हणतील. हे दोन तास मागा. आणि बाजाराच्या दिवशी कामाले खाडा असते, तो दिवस पूर्ण शाळा मागा.

---

खडूफळा
२५ नोव्हेंबर २०२४

काल गेलो. रविवार.

शेत गावाच्या वरच्या अंगाला. सहा-सात बाया ओळीने वेचत होत्या. ती मला बघून पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडांच्या, मागे झाली. मी धुऱ्यावर (बांधावर) बसलो. आईला सगळं सांगितलं, दादांनी सांगितलं तसंच, दोन तास आणि बाजाराचा दिवस. आई हात न थांबवता ऐकत होती. मग म्हणाली, "सर, भाकरी मी टाकीन. पण थंडीचं तुमी याल का रोज?"

तो प्रश्न माझ्यासाठी होता. मी तालुक्याच्या गावी राहतो, तिथून त्यांचं गाव चौदा किलोमीटर. हो म्हणालो.

निघताना तिच्या हाताकडे लक्ष गेलं. बोंड वाळलं की त्याच्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी होतात. दोन्ही हातांच्या बोटांना नखांच्या मुळाशी चिरा, काही ताज्या, काही काळ्या पडलेल्या. त्या बोटांनी पेन धरायचं आहे. घरी येताना व्हॅसलीनची डबी घेतली.

---

खडूफळा
१४ डिसेंबर २०२४

तीन आठवडे झाले. मंदिराच्या ओसरीत बसतो. सुरुवातीला ती एकटी आणि सोबतीला शेजारची नववीतली. आता नऊ जण येतात, त्यात दोघं मुलगे, तेही वेचायला जाणारेच. साडेसहाला अंधारच असतो, कोणीतरी पऱ्हाटीच्या काड्यांची शेकोटी करून ठेवतं. पहिली दहा मिनिटं हात शेकण्यात जातात, ती मी धरतच नाही.

परवा अंकगणिती श्रेढी शिकवत होतो. त्यांच्या ओळखीचं उदाहरण म्हणून फळ्यावर लिहिलं : पहिल्या दिवशी १८ किलो कापूस वेचला, रोज २ किलो वाढला, तर दहाव्या दिवशी किती? उत्तर ३६ आलं, सगळ्यांचं बरोबर. मग ती म्हणाली, "सर, पण असं होत नाही. पहिला वेचा हलका असते, दुसरा भारी, तिसऱ्याले पुन्हा कमी." मग तिनेच आकडे सांगितले आणि ही श्रेढी का नाही ते आम्ही तपासलं. लगतच्या पदांमधला फरक सारखा नाही, म्हणून नाही. ती व्याख्या आता नऊच्या नऊ जणांना जन्मभर पुरेल.

यंदा आमच्याकडे वेचाईचा भाव किलोला दहा रुपये आहे. ती दिवसाला पंचवीस किलो वेचते. अडीचशे रुपये. घरी जाऊन पुस्तक उघडायची ताकद कुठून आणावी तिने?

---

मोहफुलाची_वाट
९ जानेवारी २०२५

गडचिरोलीकडून नोंद. आमच्याकडे धान कापून झालं की मंडई, म्हणजे गावची जत्रा, आणि नाटकं. झाडीपट्टीची, म्हणजे या पूर्व विदर्भाची, नाटकं रात्रभर चालतात, वडसा हे त्यांचं केंद्र. होळीपर्यंत हंगाम. नाटकाच्या दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग गैरहजर आणि उरलेला बाकावर झोपलेला. मी आधी फार चिडायचो. पण स्नेहसंमेलनात हीच मुलं उभी राहिली की आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, पाठांतरात शब्द अडकत नाही. मराठीच्या तोंडी परीक्षेला मी आता नाटकातला उतारा म्हणू देतो.

आमची खरी अडचण संध्याकाळची. शाळा पाचला सुटते, हिवाळ्यात सहालाच अंधार, आणि रस्त्यात जंगल. वाघाची खबर असली की त्या गावची मुलं चारलाच सोडतो, घोळक्याने, मोठी पुढे-मागे, लहान मधे. त्यांचा शेवटचा तास रोज बुडतो. तो तास बहुतेक विज्ञानाचा असायचा. दोन वर्षांपूर्वी वेळापत्रकात तो पहिला केला आणि शेवटी खेळ ठेवला. एवढी साधी गोष्ट सुचायला मला सहा वर्षं लागली.

---

खडूफळा
२२ जानेवारी २०२५

आमच्याकडे पऱ्हाटीची उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाचा हंगाम संपला. संक्रांतीनंतर ती रोज शाळेत आहे. पहिल्या दिवशी डब्यात तुरीच्या उकडलेल्या शेंगा आणल्या होत्या, वर्गभर वाटल्या. सकाळचा वर्ग बंद करू म्हटलं तर नऊही जण नको म्हणाले. म्हणून तो चालू आहे, आता फक्त सरावाच्या प्रश्नपत्रिका.

हजेरीचं मुख्याध्यापकांशी बोललो. बाजाराचे दिवस आणि दिवाळीआधीची हजेरी धरून काठावर बसतेय. बसली.

---

निळी_बस
२० फेब्रुवारी २०२५

उद्या मराठीचा पेपर. सगळ्या दहावीवाल्यांना शुभेच्छा. केंद्र परगावी असेल तर पहिल्या दिवशी एक गाडी आधीची पकडा. पॅड, दोन पेनं, प्रवेशपत्र आणि पाण्याची बाटली आजच एका पिशवीत ठेवा.

---

खडूफळा
१७ मार्च २०२५

आज शेवटचा पेपर झाला. धुळवड पेपरांच्या मधेच आली, पोरांनी रंगाला हातही लावला नाही. बीजगणिताच्या दिवशी मी केंद्राबाहेर उभा होतो. बाहेर आल्यावर तिने फक्त बोटं दाखवली, चिरा भरल्या होत्या. पेपरबद्दल विचारलं तर म्हणाली, "एक गणित खाली पुन्हा सोडवलं, सर."

---

मोहफुलाची_वाट
१६ एप्रिल २०२५

यंदा पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने, ८ ते २५ एप्रिल. पुण्या-मुंबईच्या उन्हात आणि आपल्या उन्हात फरक आहे हो. पेपर सकाळचे असले तरी परतीची वाट तापलेली. मुलं डोक्याला ओला दुपट्टा बांधून, खिशात कांदा ठेवून येतात.

आणि हे मोहाचे दिवस आहेत. फूल पहाटे गळतं आणि ऊन चढायच्या आत वेचावं लागतं. नववीची मुलं तीनला उठून रानात, तिथून टोपली घरी टाकून थेट पेपरला. वर्गात मोहाचा वास भरून राहतो. पेपर आठऐवजी नऊला सुरू करता येत नाही, ऊन आहे. आठच्या आधी घेता येत नाही, मोह आहे. आपल्याकडे परीक्षा याआधीच उरकलेल्या बऱ्या, त्यामागे असं कारण आहे. तारीख ठरवणाऱ्यांनी एकदा एप्रिलात येऊन इथे एक पेपर घ्यावा, ही मनापासून विनंती.

---

मेळघाटातून
१७ एप्रिल २०२५

मोहफुलाची_वाट, सहमत. आमच्याकडे त्यात होळीची भर. कोरकूंचा सगळ्यात मोठा सण तोच, कामाला बाहेरगावी गेलेलं घरदार त्यासाठी परत येतं आणि वसतिगृहातली मुलंही घरी जातात. होळीचा फगवा आटोपल्यावर काही मुलं आईबापांबरोबरच पुन्हा कामावर निघून जातात. मार्चमध्ये हातातून सुटलेलं मूल एप्रिलअखेरच्या परीक्षेला परत आणणं फार अवघड जातं.

---

खडूफळा
१३ मे २०२५

दुपारी एकला निकाल लागला. तिला ६४.८०. सकाळच्या वर्गातले दहावीचे सहा होते, सहाही पास. दोन जणांना गणितात काठावरचे गुण आहेत, ते माझ्याकडून राहिलं.

दादा, तुमचा पोरगा?

---

कास्तकार_दिग्रस
१३ मे २०२५

७१. पेढे वाटले. त्या पोरीचं ऐकून माझ्या घरातून दुसरा डबा आणाले सांगतले. मायले माझा नमस्कार सांगा.

---

वैनगंगाकाठ
१४ मे २०२५

अभिनंदन सर, तिचं आणि आईचं. यंदापासून अकरावीचे प्रवेश खेड्यांतही ऑनलाइन आहेत. अर्ज सुरू व्हायच्या आधी उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला हातात पाहिजे, नाहीतर मोबाईलवर कोणी घाईत चुकीचं कॉलेज भरून टाकतं. पसंतीक्रम लावताना बसचा रस्ता बघून लावा.

---

खडूफळा
१४ मे २०२५

हो ताई. आईशी बोललो. तूर विकून तिने दाखल्यांचे आणि गाडीभाड्याचे पैसे बाजूला ठेवले आहेत. उद्या बाजार आहे, म्हणजे दोघींना कामाला खाडा. ऊन तापायच्या आत तालुक्याला पोचायचं म्हणून सकाळी साडेसहाला त्याच ओसरीपुढे भेटतोय.